लावलेला फेस पुसायचा नाही

बाबा गेल्यावर भावानं त्यांच्या खोलीतलं सामान आवरायला घेतलं, तेव्हा मी एकच वस्तू मागितली. त्यांचा दाढीचा ब्रश.

"तो कशाला ताई? अर्धे केस गळालेत त्याचे."

"मला काम आहे त्याचं."

"मग ने," भाऊ म्हणाला आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला. बोलताना त्याची दोन बोटं सवयीनं मिशीच्या टोकावर गेली आणि टोक पिळत राहिली. मी त्या मिशीकडे नीट पाहून घेतलं. ब्रश रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. दहाव्याला ती मिशी उतरली पाहिजे, हे मी आदल्याच दिवशी, बाबांना शेवटची आंघोळ घालताना ठरवलं होतं.

कोणी म्हणेल, यात ठरवायचं काय, बापाच्या दहाव्याला मुलाची मिशी जातेच. साध्या माणसाची जाते. ज्यांचे नाक्यावर बॅनर लागतात ते सूट मागून घेतात. माझा भाऊ बॅनरवाला आहे, म्हणून मला आधीपासून तयारी करावी लागली. तयारी करणं हेच माझं काम. काल्हेरला एका गोदामात येणारा-जाणारा माल माझ्या नजरेखालून जातो. घरीही मी यादी केल्याशिवाय भाजी आणत नाही. राग मात्र मी कधी लिहून ठेवत नाही. तो तसाच लक्षात राहतो.

आधी ब्रशाबद्दल सांगते. बाबा पावसाळ्यात शेती करायचे आणि बाकीचं वर्ष लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा माणूस. ब्रशाची प्लास्टिकची मूठ तडकली तेव्हा त्यांनी नवा ब्रश आणला नाही. केसांचा गुच्छ सोडवून घेतला आणि सूत गुंडाळायची एक जुनी लाकडी कांडी आणून तिच्या जाड टोकात बसवला. आत लाख वितळवून ओतली. वर्षानुवर्षं सूत घासून ती कांडी इतकी गुळगुळीत झाली होती की ओल्या हातातही घसरत नसे. रात्रपाळी करून आले की त्यांच्या भुवया आणि मिशी कापसाच्या तंतूंनी पांढरी झालेली असायची. कोरड्या ब्रशानं ते आधी मिशी झाडायचे, मग तोच ब्रश कढत पाण्याच्या पेल्यात उभा करायचे. मी आणि भाऊ दारात बसून बघायचो. मिशीतून तंतू गळाले की भाऊ म्हणायचा, "बाबा तरुण झाले."

बाबांचा एक नियम होता, तो आजोबांपासून घरात चालत आलेला. फेस लावला की त्यावर पातं फिरलंच पाहिजे. लावलेला फेस पुसायचा नाही. पुसला तर घरातलं काहीतरी अर्धवट राहतं. मी शाळेत असताना एकदा शेजारच्या कारखान्यात कापडाच्या गाठींना आग लागली. बाबांच्या एका गालावर फेस होता. तसेच धावले. परत आले तेव्हा फेस सुकून त्याची पापडी झाली होती आणि तिच्यावर काजळी बसली होती. आई म्हणाली, "पुसून टाका, उद्या करा." त्यांनी त्या पापडीवरच पाणी मारलं, ब्रश फिरवला आणि दाढी पुरी केली. मगच पाणी प्यायले.

भाऊ हे सगळं माझ्यापेक्षा जास्त मानतो. त्याच्या गाडीला लिंबू-मिरची असते, बंगल्याच्या गच्चीवर काळी बाहुली असते. त्याच्या हळदीच्या दिवशी मित्रांनी गालाला फेस लावला आणि तेवढ्यात बँड आला म्हणून यानं टॉवेलनं तोंड पुसलं. आत्या मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथून ती जी ओरडली, त्यानं बँड बंद पडला. "अरं, फेस पुसतंस? बस परत खुर्चीत!" नवरा मुलगा गुपचूप बसला, परत फेस लावला, परत दाढी झाली. तेव्हापासून आत्या बघत असेल तर तो तोंडावरचा घामसुद्धा विचार करून पुसतो.

आणि मिशी. आमच्याकडे जुनी माणसं मिशीला पातं लावत नाहीत. बाप गेला, आई गेली, तरच ती उतरते. कोऱ्या ओठाचा माणूस रस्त्यात भेटला की आधी विचारतात, कोण गेलं?

बाबांची डावी बाजू लकव्यानं गेली ती भावाच्या बंगल्यात, कोन गावात. आई आमच्या लहानपणीच गेली होती. आमच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, भाऊ शेठ झाला, बंगला झाला, त्यामुळे बाबा त्याच्याकडे असणं सगळ्यांना बरोबर वाटत होतं. मलाही. औषधपाणी वेळेवर होतं, बाई ठेवलेली होती, भावजय जेवण मऊ करून पाठवायची. त्यात मला काही म्हणायचं नाही. दाढी मात्र मी माझ्याकडे घेतली. दर रविवारी काल्हेरहून निघायचं, धामणकर नाक्याला रिक्षा बदलायची, कोनला उतरायचं. नाक्यावर भावाचा एखादा बॅनर असायचाच. सणाच्या शुभेच्छा, कोणाचं अभिनंदन, नाहीतर त्याचा स्वतःचा वाढदिवस. फोटोत मिशी खऱ्यापेक्षा काळी आणि मोठी. गावातली पोरं त्याला मिशीवाले शेठ म्हणतात, आणि ते त्याला आवडतं. ती मिशी रंगवायला आणि बसवायला तो सारखा सलूनमध्ये जातो.

दाढी करायला मी बाबांकडूनच शिकले, बघून. ब्रश पाण्यातून काढला की दोनदाच झटकायचा, निथळू द्यायचा नाही. वाटीतल्या साबणावर घासताना दाबायचा नाही, नुसती टोकं फिरवायची. आधी फेस पाणचट होतो, मग हळूहळू दाट होतो, शेवटी वाटी कलती केली तरी जागचा हलत नाही. असा फेस झाला की मगच गालाला लावायचा, गोल गोल, केसांच्या मुळाशी जाईल असा. बाबांचा अर्धा चेहरा बधिर होता. त्या बाजूला ब्रश लागला तरी त्यांना कळायचं नाही, पण चांगल्या बाजूला लागला की डोळे मिटायचे आणि मान थोडी माझ्या हातावर टेकायची. आठवड्यातला त्यांचा तेवढाच वेळ बरा जात असावा. शेवटी ब्रश धुऊन खिडकीच्या गजाला अडकवायचा, केस खाली, म्हणजे पाणी लाखेत मुरत नाही.

मिशीला मी हात लावत नसे. फक्त कडा साफ करायची.

भावाचा वाढदिवस होऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गेले तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि तोंडावर नॅपकिन धरला होता. उलटी झाली असेल म्हणून मी नॅपकिन बाजूला केला. वरचा ओठ कोरा होता. त्या जागेला कित्येक वर्षांत ऊन लागलेलं नव्हतं. भाजलेल्या जागेवर नवी कातडी येते तशी ती दिसत होती. कोणीतरी मशीन फिरवलं होतं, आणि तेही घाईत, एका कोपऱ्यात थोडे केस राहिले होते.

बाबांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं. "बाय, कोन गेला?"

"कोणी नाही गेलं बाबा."

"मना कोनी सांगत न्हाय." त्यांचे शब्द तेव्हा घरंगळायचे, पण हे मला स्पष्ट ऐकू आलं. "बहीन गेली?"

"आत्या बरी आहे. कालच फोन झाला."

"मंग कोन?"

खाली भाऊ कोणाशी तरी हसत होता. मी त्याला हाक मारून वर बोलावलं. तो आला, हातात बुंदीचे लाडू. बाबांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं आणि हात त्याच्या तोंडाकडे नेला. मला वाटलं गालावरून फिरवतील. त्यांनी त्याची मिशी चाचपली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हाय," ते म्हणाले आणि हात खाली टाकला.

भाऊ हसला. "बाबा लाडात आलेत आज."

त्याला कळलं नाही. मला कळलं. मुलाची मिशी जागेवर आहे, म्हणजे बाप अजून गेलेला नाही. आपण जिवंत आहोत की नाही, हे त्यांनी तसं तपासून बघितलं होतं.

जिन्यात मी भावाला अडवलं. "कोणी केलं हे?"

"मीच केलं. अगं जेवण अडकतं ताई, वास येतो. काल मोठे साहेब येणार होते बाबांच्या पाया पडायला, लोक फोटो काढतात. बरं दिसत नाही."

"विचारलंस त्यांना?"

"त्यांना काय कळतंय आता? आणि केवढं काम ते, दोन मिनिटांचं."

"तुझी काढ ना मग. दोन मिनिटांत."

"माझी कशाला? मला लोकांत वावरायचंय. त्यांना कुठे आरशात बघायचंय?" आणि माझ्या हातावर लाडू ठेवून तो खाली गेला. तो लाडू मी कठड्यावर ठेवला. मुंग्यांनी खाल्ला असेल.

पुढच्या रविवारी मी आत्याला तिच्या गावाहून घेऊन आले, कारण बाबांचा विश्वास बसत नव्हता. आत्या बाबांहून मोठी, पण दोन जिने चढून वर आली. तिला बघून बाबा रडले. तिनं त्यांच्या ओठावरून हात फिरवला, मग भावाला खालून बोलावून घेतलं आणि त्याच्या नोकरांसमोर म्हणाली, "मेल्या, बाप जित्ता हाय तुझा. जित्ता असताना त्याचा दहावा घातलास?"

"आत्या, येईल परत. केसच आहेत."

"येऊ दे तर मंग. परत हात लावशील तर बघ."

तो हो म्हणाला. त्यानं हात लावला. कोणी मोठं माणूस भेटायला यायचं असलं की आदल्या दिवशी मशीन फिरायचंच. मी रविवारी जाऊन बघायचे, ओठ परत कोरा. मग पुन्हा हळूहळू पांढरे खुंट वर यायचे. मी गालांना फेस लावायचे आणि वरचा ओठ सोडून द्यायचे. दाढी झाली की बाबा विचारायचे, "आली?"

मी हातातला आरसा धरायचे. "येतेय बाबा."

"आली?" ते परत विचारायचे. मग नॅपकिन ओठावर धरून भिंतीकडे वळायचे.

एकदा मी त्या मशीनचा चार्जर पर्समध्ये घालून घरी आणला. भावानं नवं मशीन घेतलं, आधीच्याहून भारी. मग मी भांडून पाहिलं. भावजय म्हणाली, "ताई, तुम्ही रविवारच्या येता, आम्हाला रोजचं आहे." तिचं खरं होतं. पण तिला रोजचं असलेलं काम ती बाई करत होती, आणि मिशीचा त्रास त्या बाईला नव्हता. मी विचारलं होतं तिला. "मी पुसते ना ओल्या फडक्यानं, काय होतंय?" ती म्हणाली होती.

बाबा गेले तेव्हा ओठ कोराच होता. दोन दिवसांपूर्वी कोणीतरी येऊन गेलं होतं. शेवटची आंघोळ घालताना मी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. खुंट हाताला लागले, डोळ्यांना दिसत नव्हते. संध्याकाळपर्यंत नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लागला. त्यावर बाबांचा जुना फोटो होता, मिशी भरघोस, टोकं वळवलेली. खाली हात जोडलेला भाऊ, त्याचीही मिशी भरघोस. लोक म्हणाले, बाप-लेक अगदी सारखे.

दहाव्याची यादी नेहमीप्रमाणे माझ्याकडे आली. तांदूळ, तीळ, दर्भ, दूध, पत्रावळी, भटजींना निरोप, न्हाव्याला निरोप. गावात सलून चालवणारा न्हावी उत्तरेकडचा, पण इथंच म्हातारा झालेला. बाबा हिंडते-फिरते होते तेव्हा सणासुदीला त्याच्याकडे बसायचे. मी त्याला वेळ सांगायला गेले तर तो कात्री खाली ठेवून बाहेर आला.

"बाई, शेठ येऊन गेले. बोलले, डोकं साफ करा, पण मूछ को हात नाही लावायचा. निवडणूक येतेय ना, शेठ उभे राहणार. सगळे फोटो छापून तयार आहेत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मैं क्या बोलूं? डोकं त्यांचं, मूछ त्यांची."

भाऊ हिशेबी आहे. टकलावर टोपी घालता येते, मिशीवर काय घालणार? "ठीक आहे," मी म्हटलं. "पण काम झालं म्हणून लगेच निघू नका. वस्तरा घेऊन शेवटपर्यंत थांबा."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

दहाव्याला सकाळी गावच्या खाडीवर सगळे जमले. भाऊबंद, गावकरी आणि भावाची माणसं, पांढऱ्या कपड्यांत आणि काळ्या चष्म्यांत. भाऊ पाटावर बसला. डोकं झालं. न्हावी मिशीपाशी थांबला. भटजींनी कात्रीनं एका टोकाचे चार केस कापायला सांगितले आणि म्हणाले, "आजकाल प्रतीकात्मक चालतं." भाऊबंदांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातल्या बऱ्याच जणांची गोदामं त्याच्या ओळखीवर चालतात.

मी पिशवी जवळ ओढून घेतली. मला घाई नव्हती.

पिंड ठेवला. सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघायला लागले. खाडीतल्या तिवरांच्या झाडांवर कावळे होते, पण एकही खाली येईना. भाऊ घड्याळ बघत होता. भटजी बाजूला जाऊन फोनवर पुढच्या कामाची वेळ ठरवत होते. ऊन चढायला लागलं तशी आत्या पुढे आली.

"मन अडकलंय त्याचं. काय र्‍हायलं ते बोला."

भावानं हात जोडले. "बाबा, हॉलमध्ये तुमचा मोठा फोटो लावतो."

कावळे तिवरांवरच.

"बाबा, गावात तुमच्या नावानं बसथांबा बांधतो."

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "बस येते कुठं इथं?" आणि कोणीतरी खोकून हसू दाबलं.

तेव्हा मी पुढे झाले. "आत्या, मिशी राहिली."

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. मी पिशवीतून थर्मास काढला. घरून कढत पाणी भरून आणलं होतं. वाटी, साबण, ब्रश. ब्रश पाण्यात बुडवला, दोनदा झटकला आणि साबणावर फिरवायला लागले. हात घाईला आला होता, तरी मी घाई केली नाही. फेस दाट झाल्याशिवाय लावायचा नाही.

"ताई, काय करतेस?" भाऊ हसत म्हणाला. लोकांसाठी हसत होता.

मी त्याच्या समोर बसले आणि ब्रश त्याच्या मिशीवर टेकवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं.

त्याचं हसू गेलं. खांद्यावरचं उपरणं त्यानं हातात घेतलं.

"पुसू नको!" आत्याचा आवाज हळदीच्या दिवशी होता तसाच निघाला. "बापाच्या दहाव्याला फेस पुसतंस? आं?"

उपरणं तोंडापाशी आलं होतं, तिथंच थांबलं. "आत्या, निवडणूक आहे गं."

"कावळ्याला सांग जा!"

आणि तेव्हा मी बघितलं. मी भावाच्या समोर होते, म्हणजे पिंडाकडे माझं तोंड होतं. बाकी सगळे आमच्याभोवती वळले होते. भावाच्या खांद्यावरून मला दिसलं, एक कावळा तिवरावरून उतरला. दोन उड्या मारून पिंडापाशी आला, भातात चोच घातली, मान वर करून गिळलं, पुन्हा घातली. अगदी स्वस्थपणे. भावाच्या ओठावर तेव्हा मिशी होती. फेसाखाली, पण शाबूत. त्यानं अजून काही कबूल केलेलं नव्हतं.

शिवला, एवढं म्हटलं असतं तर सगळ्यांची तोंडं तिकडे वळली असती, आणि त्या गडबडीत उपरणं फिरलं असतं. शब्द अगदी दातांपाशी होता.

"हात खाली घे," मी भावाला म्हटलं.

त्यानं हात खाली घेतला.

"नुसती मिशी देऊन भागायचं न्हाय," आत्या म्हणाली. "शब्द दे त्याला."

भावानं डोळे मिटले. टकलावरून घाम फेसात उतरत होता आणि तो पुसायची त्याची हिंमत नव्हती. "बाबा," तो म्हणाला, आणि आवाज लहानपणीसारखा झाला, "वर्षश्राद्धापर्यंत मिशी ठेवणार नाही."

मी न्हाव्याला जागा करून दिली. त्यानं वस्तरा चालवला. काळी रंगवलेली मिशी फेसासकट कागदावर पडली. मुळाशी ती पांढरी होती, बाबांसारखीच. ओठ कोरा झाला तेव्हा कोणीतरी मागे वळलं आणि ओरडलं, "शिवला! शिवला!" तोवर दुसरे कावळेही उतरले होते. आत्या रडायला लागली. भटजी फोन बंद करून आले आणि म्हणाले, "बघा, इच्छा पुरी झाली." भाऊ पिंडाकडे बघत राहिला. मग त्यानं ओठ चाचपला, आणि उपरण्याचं टोक तोंडावर धरलं.

बाबांना त्या मिशीची पडली नव्हती, हे त्या दिवशी मला एकटीला कळलं. ते खाऊन निघून गेले होते. मिशी मला हवी होती, आणि मला ती मिळाली.

गावभर झालं. काल्हेरच्या गोदामातसुद्धा ड्रायव्हर एकमेकांना सांगत होते, "शेठची मिशी गेल्याशिवाय कावळा शिवलाच नाय." छापून तयार असलेले फोटो पडून राहिले. नव्या बॅनरवर भाऊ कोऱ्या ओठाचा आला, आणि नाक्यावर रिक्षाची वाट बघणाऱ्या दोन बायका माझ्यासमोर म्हणाल्या, "हा कोण नवीन?" मी रिक्षात बसले आणि घरी येईपर्यंत मनात ते घोळवलं.

मग एका रविवारी भाऊ माझ्या दारात. गोदामांवर आला होता म्हणाला. चहा झाला तरी उठेना.

"ताई, बाबांचा ब्रश आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मशीननं खुंट राहतात. आणि पुरळ येतंय बघ." त्यानं ओठ दाखवला. खरंच लाल झाला होता. "वाटलं, बाबांच्या ब्रशानं केलं तर त्यांनाही बरं वाटेल."

तेव्हापासून तो रविवारी येतो. बाल्कनीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो. मी पाणी कढत करते, ब्रश बुडवते, झटकते, फेस करते. गालांना गोल गोल लावते. त्याचे डोळे मिटतात आणि मान माझ्या हातावर टेकते, अगदी त्याच कोनात. वरच्या ओठावर आले की मी ब्रश हळू फिरवते, कारण तिथं पुरळ आहे, आणि कारण मला घाई नाही.

गेल्या रविवारी त्यानं डोळे मिटूनच विचारलं, "बाबांना एवढं लागलं होतं का गं? मला कळलंच नाही."

"कावळ्यानं सांगितलं ना."

त्यानं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाला, "निवडणूक वर्षाच्या आत लागतेय. भटजींना विचारू का, काही उपाय असतो का?"

"शब्द बाबांना दिलायस. भटजी काय करणार?"

"तेही खरं." मग, "किती राहिलं ताई अजून?"

"आहे अजून."

मी एक वाक्य बोलले तर तो स्टुलावरून मोकळा होऊन उठेल. ते वाक्य दर रविवारी माझ्या तोंडात येतं. मग मला नॅपकिन आठवतो, आणि भिंतीकडे वळलेलं तोंड. बाबांनी जितक्या वेळा "आली?" म्हणून विचारलं, तितक्या वेळा यानं "किती राहिलं?" विचारून होऊ दे, मग बघू.

फेस दाट झाला होता. मी त्याच्या ओठावर लावला.

"मान वर कर," मी म्हटलं.